टाळ ऐकू येतात का?

मित्रांनो, लालबागच्या आमच्या चाळीत एखादा नवखा माणूस आला, तर त्याला वाटेल की आमच्या खोलीत कायम भांडण चालू असतं. "आबा, चहा टाकू का?" हेसुद्धा आमच्याकडे ओरडून विचारतात. "गोळी घेतली का?" हे तर खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातं. पण भांडणबिंडण काही नाही बरं का! आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ऐकू कमी येतं. ते कशामुळे, हे पुढे सांगणारच आहे. आधी एका हेडफोनच्या खरेदीची गोष्ट ऐका. दोन्ही गोष्टी शेवटी एकाच ठिकाणी जाऊन मिळतात.

माझी ताई गिरगावात राहते. तिथेही चाळच. खोल्या दोन आणि माणसं पाच. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, यंदा नववीत आहे आणि पेटी शिकते आहे. तिच्या बाई धडे फोनवर रेकॉर्ड करून पाठवतात. ते पुन्हा पुन्हा ऐकून बोटं बसवायची असतात. आता तुम्हीच सांगा, एका खोलीत टीव्ही, दुसऱ्या खोलीत धाकट्या भावाची दंगल, गॅलरीत शेजारच्या काकूंच्या गप्पा आणि खाली गाड्यांचे हॉर्न! एवढ्या गलक्यात कोमल गंधार कुठला आणि शुद्ध गंधार कुठला, हे कसं कळायचं?

दिवाळीनंतर एकदा तिचा फोन आला.

"मामा, मला हेडफोन घ्यायचाय. अख्खा कान झाकणारा. कानात खुपसायचे असतात ना, ते मला टोचतात. भाऊबीजेचे आणि वाढदिवसाचे मिळून बाराशे रुपये जमलेत. त्यातच बसवायचं. येशील ना माझ्याबरोबर?"

"येईन की. वायरचा की बिनवायरचा?"

"वायरचाच! रोज चार्जिंग कोण करत बसणार? आणि बिनवायरच्यात आवाज जरा उशिरा पोचतो. फोनवरच्या पेटीची कळ दाबली, की सूर मागून येतो. मैत्रिणीचा लावून पाहिलाय मी."

"शाब्बास! अभ्यास केलेला दिसतोय."

"आणि मामा, आवाज मात्र मोठ्ठा पाहिजे हं! एकदम दणदणीत. बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येता कामा नये."

हे शेवटचं ऐकलं आणि मला आबा आठवले. मी म्हटलं, "येतो. पण माझी एक अट आहे. हेडफोन निवडायचा माझ्या पद्धतीनं."

माझी ही पद्धत कुठून आली, ते सांगतो. मी शाळेत असताना काळा घोड्याला रिदम हाऊस नावाचं एक मोठं दुकान होतं. रेकॉर्डी आणि कॅसेटींचं. २०१६ साली ते बंद झालं. तुमच्यातल्या कित्येकांच्या आईबाबांना ते नक्की आठवत असेल. तिथे आवडलेलं संगीत विकत घ्यायच्या आधी ऐकून पाहायची सोय होती. आयुष्यातला पहिला मोठा हेडफोन मी तिथे डोक्याला लावला. तेव्हा एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. वस्तू ऐकायची असेल, तर ती ऐकूनच घ्यायची. नुसतं खोकं वाचून नाही, की कुणी सांगितलं म्हणून नाही.

शनिवारी आम्ही निघालो. गिरगावातून चालत ऑपेरा हाऊसच्या चौकात आलो आणि तिथून लॅमिंग्टन रोडला लागलो. या रस्त्याचं आताचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण अजूनही सगळे त्याला लॅमिंग्टन रोडच म्हणतात. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं ते नाव. रेडिओच्या सुट्या भागांपासून कॉम्प्युटरपर्यंत वीजेवर चालणारी कुठलीही वस्तू हवी असली, की मुंबईचा माणूस इथे येतो. दुकानांच्या पाट्या, फुटपाथवर पसरलेल्या वायरी, हातगाड्या, माणसं... भाची नुसती बघतच राहिली.

एका दुकानात शिरलो. "आठशे ते बाराशेमधले कान झाकणारे वायरचे हेडफोन दाखवा," असं सांगितल्यावर विक्रेत्या दादांनी तीन खोकी पुढे ठेवली. भाचीनं लगेच खोक्यांवरचे आकडे वाचायला सुरुवात केली.

"मामा, याच्यावर ड्रायव्हर चाळीस एमएम लिहिलंय. हेडफोनमध्ये ड्रायव्हर कुठला आला?"

तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. हेडफोनच्या प्रत्येक वाटीत एक इवलासा स्पीकर असतो. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. त्यात एक चुंबक, तारेचं एक बारीक वेटोळं आणि त्याला चिकटलेला पातळ पडदा असतो. फोनमधून आलेली वीज वेटोळ्यातून वाहिली, की ते चुंबकाजवळ पुढेमागे हलतं. त्याबरोबर पडदा हलतो, पडद्यानं हवा हलते, आणि ती थरथर आपल्या कानापर्यंत पोचते. चाळीस मिलिमीटर हा या ड्रायव्हरचा व्यास. मोठा ड्रायव्हर म्हणजे चांगला आवाज, असं मात्र काही नाही. पातेलं मोठं असलं म्हणून आमटी चांगली होते का? तसंच हे.

दुसरा आकडा होता वीस ते वीस हजार हर्ट्झ. माणसाचा निरोगी कान साधारण तेवढंच ऐकतो, म्हणून बहुतेक खोक्यांवर हाच आकडा छापलेला असतो. पण त्यातले सगळे सूर सारखे ऐकू येतात की काही दबलेले असतात, हे त्यावरून कळत नाही. तिसरा आकडा बत्तीस ओहम. म्हणजे विजेला किती अडथळा होतो ते. बत्तीसच्या आसपासचा हेडफोन साध्या फोनवर व्यवस्थित वाजतो. त्यामुळे हा आकडा कामाचा.

"आणि हे बघ, याच्यावर एकशे दहा डेसिबल आहे आणि त्याच्यावर अठ्ठ्याण्णव. म्हणजे हाच भारी!" भाची एका लाल पट्टीच्या हेडफोनकडे बोट दाखवत म्हणाली.

तर मित्रांनो, इथेच पुष्कळजण फसतात. हा आकडा एवढंच सांगतो, की अगदी थोडी, एक मिलिवॉट वीज दिली तर हेडफोन किती जोरात वाजेल. तो जोर सांगतो, गुण नाही. तसं असतं, तर चाळीत सगळ्यांत मोठ्यानं ओरडणाऱ्या माणसाला आपण गवई म्हटलं असतं!

दादांनी त्यांच्या फोनला लाल पट्टीचा हेडफोन लावला, ढोल-ताशांचं एक गाणं लावलं आणि आवाज चढवला. भाचीचे डोळे चमकले. मग दुसरा लावला, साधा, करड्या रंगाचा. तिनं नाक मुरडलं. "मामा, हा अगदीच मिळमिळीत आहे. पहिलाच घेऊ."

"थांब," मी म्हटलं, "फोनवरचा आवाज तेवढाच होता ना? मग पहिला जास्त जोरात वाजला, एवढंच झालंय."

यात एक गंमत आहे. आपला कान मोठ्या आवाजाला भुलतो. कमी आवाजात त्याला खर्जातले आणि अगदी वरचे सूर तेवढे नीट ऐकू येत नाहीत. आवाज वाढवला, की ते उठून येतात आणि सगळंच जास्त भरलेलं, छान वाटतं. १९३३ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन या दोन शास्त्रज्ञांनी माणसांवर प्रयोग करून ही गोष्ट मोजून दाखवली. म्हणून दोन हेडफोन ताडून पाहायचे, तर आधी दोन्हींत गाणाऱ्याचा आवाज सारखाच मोठा येईल असा फोन लावायचा. एकात आवाज तीन रेघांवर आणि दुसऱ्यात पाच रेघांवर ठेवावा लागला, तरी चालेल. जोर सारखा झाला, की मग खरा सामना सुरू!

आता गाणं कुठलं लावायचं? जे आपल्या कानांना पाठ आहे ते. मी माझा फोन काढला आणि त्यात एक अभंग लावला. लहानपणापासून ऐकत आलोय तो. अभंगच का? कारण त्यात सगळं असतं. पखवाज खर्जात घुमतो, पेटी आणि गाणाऱ्याचा आवाज मधे असतो, आणि सगळ्यांच्या वर टाळ किणकिणतात. चांगल्या हेडफोनमध्ये हे सगळे आपापल्या जागी बसलेले ऐकू यायला हवेत. एकानं दुसऱ्याच्या अंगावर बसता कामा नये.

मी फोनचा आवाज शून्यावर नेला आणि भाचीला म्हटलं, "हळूहळू वाढव. शब्द स्पष्ट कळले की थांब. मग मला सांग, टाळ ऐकू येतात का?"

लाल पट्टीच्या हेडफोनमध्ये तिनं आवाज वाढवला, थांबली, कपाळाला आठ्या घातल्या. "पखवाज धबधब वाजतोय. शब्द दबलेत. टाळ... येतात, पण जाड कापडाच्या आडून आल्यासारखे." शब्द कळण्यासाठी तिला आवाज आणखी वाढवावा लागला.

करड्या हेडफोनमध्ये तिनं तसंच केलं. तीनच रेघांवर थांबली. "अय्या! टाळ वेगवेगळे ऐकू येतात मामा. एक डाव्या बाजूला आहे, एक उजव्या."

"मिळमिळीत आहे ना?" मी विचारलं. ती हसली.

बघा, आमच्या परीक्षेचं सार एवढंच. कमी आवाजातसुद्धा ज्यात सगळं ऐकू येतं, तो हेडफोन चांगला. ज्यात नीट ऐकण्यासाठी आवाज वाढवत जावा लागतो, तो कितीही दणदणीत असला तरी आपल्या कामाचा नाही.

आता बाकीच्या परीक्षा. त्यांना पाच-दहा मिनिटंच लागतात.

पहिली परीक्षा गादीची. वाटीभोवतीच्या गादीत कान पूर्ण मावला पाहिजे. गादी कानावरच टेकत असेल, तर अर्ध्या तासात कान दुखायला लागतो. गादी डोक्याला सगळीकडून नीट टेकते का, तेही बघा. एक प्रयोग करा. गाणं चालू असताना गादीखाली एक बोट सरकवून फट पाडा. पखवाजाचा घुमारा एकदम गायब होतो! खर्जाचे सूर टिकायला वाटीतली हवा कोंडलेली लागते. फट पडली, की ते निसटतात. भाचीला चष्मा आहे. चष्म्याच्या काडीमुळे तिसऱ्या हेडफोनच्या कडक गादीत अशीच फट पडत होती. म्हणून तो बाद. चष्मेवाल्यांनो, हेडफोन चष्मा घालूनच बघायचा.

गादीचा आणखी एक उपयोग आहे. ती बाहेरचा गोंगाट थोडा अडवते. गाड्यांची घरघर फारशी अडत नाही, पण बोलणं, भांडी, हॉर्न यांची धार कमी होते. बाहेरचा आवाज कमी आला, की आतला आवाज वाढवायची गरजही कमी होते. म्हणून गिरगाव-परळसारख्या गजबजलेल्या वस्तीत मागून बंद असलेल्या वाट्यांचा हेडफोन घ्यावा. काही हेडफोनच्या वाट्यांना मागे जाळी असते. ते शांत खोलीसाठी ठीक. आपल्याकडे टीव्ही आत येणार आणि आपलं गाणं बाहेर जाणार!

दुसरी परीक्षा डोक्याची. दहा मिनिटं हेडफोन डोक्यावर ठेवून दुकानात उभे राहा. चिमटा बसतो का? मान खाली-वर केली की घसरतो का? संकोच करू नका. पैसे आपण देतोय, आणि डोकंही आपलंच आहे.

तिसरी परीक्षा वायरीची. वायरचा हेडफोन बिघडतो तो बहुतेक वेळा पिनेपाशी किंवा वाटीपाशी. तिथे वायर वाकते, आतली तार तुटते. तेव्हा गाणं चालू ठेवून या दोन्ही जागी वायर हलकेच हलवून बघा. खरखर आली किंवा एक बाजू बंद पडली, तर परत द्या. वायर सुटी करून बदलता येत असेल, तर सोन्याहून पिवळं. पिनेवरच्या काळ्या रिंगा मोजा. दोन असतील, तर नुसतं ऐकण्याचा हेडफोन. तीन असतील, तर त्यात बोलण्याचा माइकही जोडलेला आहे. ही बारीक पिन साडेतीन मिलिमीटरची. तिची जाडजूड आजी एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मली. तिथल्या बायका एकाचा फोन दुसऱ्याला जोडण्यासाठी ती पिन भोकात घालत. सगळ्याच फोनना आता पिनेचं भोक नसतं. तुमच्या घरच्या फोनला ते आहे ना, हे निघण्यापूर्वी बघून घ्या. नसेल, तर जोडणीच्या छोट्या वायरीचे पैसे हिशोबात धरा.

चौथी परीक्षा डाव्या-उजव्याची. वाटीवर इंग्रजीत डावं-उजवं लिहिलेलं असतं. दोन्ही बाजू सारख्याच जोरात वाजतात ना, हे बघा. खात्री करायला हेडफोन उलटा घालून पुन्हा ऐका. आता कमी आवाज दुसऱ्या कानात आला, तर दोष हेडफोनचा. त्याच कानात राहिला, तर आईबाबांना सांगा आणि डॉक्टरांकडून कान तपासून घ्या.

आणि पाचवी गोष्ट म्हणजे बिल आणि वॉरंटी. मागायला विसरू नका. मुंबईच्या दमट हवेत रेक्झीनची गादी एक-दोन पावसाळ्यांत सोलायला लागते. म्हणून गाद्या वेगळ्या मिळतात का, तेही विचारा.

करडा हेडफोन नऊशे पन्नासला पडला. अडीचशे रुपये उरले. "आता भेळ!" भाची म्हणाली. मी म्हटलं, "भेळ खाऊ, पण लालबागला. आबांना हेडफोन दाखवायला नको?"

बस धरून आम्ही लालबागला आलो. आबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. भाचीनं नेहमीसारखी आरोळी ठोकली, "आबा, बघा मी काय आणलं!"

"काय गो बाय? दाखव, दाखव."

आबांना कानाचं यंत्र आहे. ते त्यांनी काढून ठेवलं आणि भाचीनं हेडफोन त्यांच्या डोक्याला लावला. आमचे आबा एकेकाळी चाळीच्या भजनी मंडळात टाळ वाजवायचे. त्यांचे टाळ अजून भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेले आहेत. म्हणून भाचीनं मुद्दाम तोच अभंग लावला. आबांनी आवाज वाढवायची खूण केली. वाढवला. अजून खूण केली. अजून वाढवला. मग त्यांची मान डोलायला लागली, हात मांडीवर ठेका धरू लागला. आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत होतो.

थोड्या वेळानं आबांचा हात थांबला. त्यांनी हेडफोनची एक वाटी बाजूला केली आणि विचारलं, "पखवाज झकास वाजतोय गो. पण टाळकरी कुठं गेला? आलाच नाय का आज?"

भाचीनं झटकन हेडफोन आपल्या कानाशी धरला. टाळ खणखण वाजत होते. तिनं माझ्याकडे बघितलं. ती काही बोलली नाही.

आबा मात्र समजले. ते हसले आणि म्हणाले, "आला असेल तो. माझ्याच कानात शिरत नसेल."

मग त्यांनी तिला जवळ बसवून सांगितलं. आबा कापड गिरणीत होते. कापड विणायच्या यंत्राला गिरणीत साचा म्हणत. एकेका खात्यात असे शेकडो साचे. प्रत्येक साच्यात धोटा या टोकाहून त्या टोकाला फेकला जायचा आणि ठाण् करून आपटायचा. पुन्हा उलटा. मिनिटाला शंभराहून जास्त वेळा! १९६४ साली, एकोणिसाव्या वर्षी, ते या आवाजात उभे राहिले. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तोपर्यंत रोजची पाळी आबांनी साच्यांपाशी काढली. संपानंतर ते पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत.

"मग तुम्ही एकमेकांशी बोलायचात कसे?" भाचीनं विचारलं.

"ओठ वाचायचो. हातानं खुणा करायचो. खात्यात शब्द ऐकू येतोय कुठं?"

"आणि कानांत काही घालत नव्हतात?"

"सुरुवातीला कापूस घातला. डोकं उठायचं, रात्री कानात शिट्ट्या वाजायच्या. मग ते कमी झालं. मला वाटलं, सवय झाली." आबा थांबले. "सवय कसली गो बाय, कानच कमी झाले होते."

मित्रांनो, हे नीट समजून घेऊ. आपल्या कानाच्या आत, शंखासारख्या गुंडाळलेल्या नळीत, जवळजवळ पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाची थरथर त्या मेंदूपर्यंत पोचवतात. मोठा आवाज पुष्कळ वेळ कानावर पडला, की त्या मरतात. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, वाईट गोष्ट म्हणजे, वरच्या सुरांच्या पेशी आधी जातात. टाळ, घुंगरू, बारीक आवाजातलं बोलणं, स आणि फ यांसारखी अक्षरं... ही आधी पुसट होतात. वय झालं की ऐकू कमी येतंच. पण आबा चाळिशीचे असतानाच आईनं स्वयंपाकघरातून मारलेली हाक त्यांना ऐकू येत नसे. कानाचं यंत्र आवाज मोठा करून देतं, त्याचा उपयोगही होतो. पण मेलेल्या पेशी ते परत आणू शकत नाही.

भेळ खाता खाता आम्ही मामा-भाचीनं कागदावर हिशोब मांडला. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. साधं बोलणं साधारण साठ डेसिबल. नायोश नावाची अमेरिकेतली सरकारी संस्था कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करते. ती सांगते, की पंच्याऐंशी डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास काम करणं ठीक. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. अठ्ठ्याऐंशीला चार तास. एक्क्याण्णवला दोन. चौऱ्याण्णवला एक. सत्त्याण्णवला अर्धा तास. शंभरला फक्त पंधरा मिनिटं! जुन्या साच्यांच्या खात्यात आवाज असायचा शंभर डेसिबलच्या आसपास.

"आणि आबा रोज आठ तास!" भाचीनं भागाकार केला. "बत्तीस पट, मामा!"

"आता हेही लिही," मी म्हटलं. "फोन पूर्ण मोठा केला, तर पुष्कळशा हेडफोनमधूनही शंभर डेसिबलच्या आसपास आवाज निघू शकतो."

तिनं पेन्सिल खाली ठेवली.

बघा ना, आबांच्या पुढे पोटाचा प्रश्न होता. साच्यांचा आवाज कमी करणं त्यांच्या हातात नव्हतं. आपल्या हातात तर आवाज कमी करायचं बटण आहे! जागतिक आरोग्य संघटनेनं मुलांसाठी मर्यादा सांगितली आहे ती पंच्याहत्तर डेसिबल, आठवड्याला चाळीस तास. आता डेसिबल मोजायचं यंत्र काही आपल्या घरी नसतं, आणि हेडफोन किती जोरात वाजतोय हे फोनलाही नेमकं कळत नाही. म्हणून काही सोप्या खुणा लक्षात ठेवा. हाताच्या अंतरावरचा माणूस ओरडल्याशिवाय ऐकू येत नसेल, तर आवाज जास्त आहे. शेजारी बसलेल्याला तुमचं गाणं ऐकू जात असेल, तरी जास्तच असण्याची शक्यता. हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजत असेल किंवा सगळं कोंदट ऐकू येत असेल, तर कान तक्रार करताहेत. "सवय होईल" म्हणून सोडून देऊ नका. तासाभरानं दहा मिनिटं कानांना सुट्टी द्या. आणि रस्त्यानं चालताना, रूळांजवळ, सायकलवर हेडफोन मुळीच नको. तिथे हॉर्न आणि गाडी ऐकू यायलाच हवी.

आईबाबांनो, तुम्हालाही एक विनंती. "कानातलं काढ आधी!" असं ओरडण्याऐवजी एकदा तो हेडफोन स्वतः लावून बघा. मूल किती मोठ्यानं ऐकतंय, ते लगेच कळेल.

परवा गिरगावला गेलो, तेव्हा भाची पेटीसमोर बसली होती. डोक्याला करडा हेडफोन. टीव्ही चालू, भावाची दंगल चालू. मी दारातून नेहमीच्या आवाजात विचारलं, "काय चाललंय?" तिनं लगेच मान वळवली. "ये मामा, नवीन धडा आहे."

मी तिचा फोन बघितला. आवाज तीन रेघांवर होता.

"धडा सुरू करायच्या आधी मी रोज तो अभंग लावते," ती म्हणाली. "शून्यापासून वाढवायचं. टाळ ऐकू आले की थांबायचं. मग तेवढ्यावरच धडा."

तुमच्या घरीही कुठला ना कुठला हेडफोन असेलच. आज तुमचं पाठ असलेलं एखादं गाणं लावा, आवाज शून्यावर न्या आणि हळूहळू वाढवत जा. तुमचा टाळ कितव्या रेघेवर ऐकू येतो, ते बघा. आणि घरी आजी-आजोबा असतील, तर त्यांनाही एकदा विचारा बरं, त्यांना तो ऐकू येतो का?